डाव्या कानाची साक्ष

आन्सफ्रिडचा डावा कान गेली बावन्न वर्षं बंद होता, आणि त्या बंद कानाचा त्याने जेवढा उपयोग करून घेतला तेवढा इतरांना दोन धड कानांचाही करता येत नाही. जेवणाच्या लांब मेजाशी त्याची खुर्ची अशी मांडलेली असे, की थोरला मुलगा वाल्डेबर्ट बरोबर डाव्या हाताला यावा. वाल्डेबर्टने जमिनीचं, जंगलाचं, भावांच्या वाटण्यांचं काही काढलं की म्हातारा डुकराच्या मांसाचा तुकडा सावकाश चावत समोरच्या भिंतीकडे पाहत बसे. मठाचे प्रमुख दानाची आठवण द्यायला आले की त्यांनाही मोठ्या मानाने डावीकडेच बसवलं जाई.

या कानाची हकिगत मोझेल नदीच्या दोन्ही काठांना पाठ होती. सॅक्सनांवरच्या स्वारीत नदी उतरताना एका दाढीवाल्याने सोटा हाणला, आणि आन्सफ्रिडने रक्ताळलेल्या कानानिशी त्याचा पाय धरून त्याला पाण्यात ओढला. वाल्डेबर्टने त्या एका सॅक्सनाचे तीन केले होते. सात वर्षांचा नातू बेरो पाच सांगायचा, आणि त्यातला एक घोड्यावर होता म्हणायचा. आन्सफ्रिडने ही थाप पहिल्यांदा मारली ती एकोणिसाव्या वर्षी, लग्नाच्या दुसऱ्या दिवशी, नव्या बायकोने कानाला हात लावून लाडाने विचारलं म्हणून. बायको बिचारी ती खरी मानूनच देवाघरी गेली.

कान फोडला होता त्याच्या बापाने.

आमच्याकडे जमीन एकाची दुसऱ्याची झाली, की बांधावर मोठी माणसं नेतात तशी लहान पोरंही नेतात. मोठी माणसं मरतात, चामड्यावर लिहिलेलं जळतं, पोरं तेवढी मागे राहतात. म्हणून प्रत्येक पोराच्या एक थोबाडीत द्यायची आणि कान पिळायचा, म्हणजे ती जागा आणि तो दिवस त्याला जन्मभर विसरता येत नाही. मग त्याच्या हातावर मधाची पोळी ठेवायची. सगळ्या पोरांनी कधी ना कधी असा मार खाल्लेला असतो आणि त्याचं कोणाला काही वाटत नाही. आन्सफ्रिडला वाटलं, कारण त्या दिवशी बांधावर उभ्या असलेल्या तीन पोरांपैकी दोघांना हलकी टपली मिळाली आणि त्याला, मालकाच्या एकुलत्या मुलाला, अशी बसली की तो आडवा झाला आणि कानातून रक्त आलं. बापाला आपण नकोसे आहोत, हे तो त्या दिवशी शिकला. आणि सात वर्षांच्या वयात शिकलेलं पुसायला दुसरा जन्म लागतो.

तो बांध होता उतारावरच्या द्राक्षमळ्याचा. बापाने तो मळा आन्सफ्रिडच्या थोरल्या बहिणीला, रोटलिंडला, तिच्या लग्नात देऊन टाकला होता.

यंदा द्राक्षं काळी पडायला लागली आणि रोटलिंड बैलगाडीतून भावाच्या दारात उतरली. अडुसष्ट वर्षांची, विधवेच्या काळ्या कपड्यांतली, हातात स्वतःचं चीज फडक्यात बांधून आणलेली. भावाच्या घरचं चीज म्हणजे जुन्या जोड्याचा तळ, असं तिचं ठाम मत होतं. वाल्डेबर्टने तिला डावीकडचं आसन दाखवलं. तिने तिथलं स्टूल उचललं, मेजाला वळसा घातला आणि भावाच्या उजव्या हाताला येऊन बसली.

"आन्सो, मी डावीकडे बसणाऱ्यांतली नव्हे," ती म्हणाली. "ऐक. माझ्या नातीचं, आडाचं लग्न ठरलंय. मळा मी तिला देतेय."

"कोणता मळा, आत्या?" वाल्डेबर्टने विचारलं.

"जणू तुला ठाऊकच नाही! दरवर्षी माझ्या कुंपणाशी घोडा थांबवून घड मोजत असतोस तो."

"तो मळा आजोबांनी तुम्हाला हयातीपुरता खायला दिला होता. बापाची जमीन बाईकडे जात नाही. हा कायदा काय मी काल रात्री केला? नाहीतर दानपत्र दाखवा."

"दानपत्र मठात होतं. मठाला आग लागली तेव्हा तू विझवायला गेला होतास ना?"

"गेलो होतो. चांदीचे पेले काढले, ग्रंथ काढले, एका म्हाताऱ्या साधूला खांद्यावर काढलं. तुमचं कातडं राहिलं आत, त्याला मी काय करू?"

हे त्याचं म्हणणं खरं होतं. वाल्डेबर्ट लबाड नव्हता. त्याला तीन मुलगे होते, त्याच्या वाट्याची जमीन तिघांत वाटली जाणार होती, आणि चांगल्या दारूचा मळा तेवढा एकच होता. बापाचं काळीज अशा वेळी काय हिशेब करतं, ते बापांना ठाऊक असतं.

"तुझ्या आजोबांना कायदा ठाऊक होता रे," रोटलिंड म्हणाली. "म्हणून तर त्यांनी सहा माणसं आणि तीन पोरं उभी केली."

"सहाही माणसं मेली, आत्या."

"आणि पोरं?"

त्या तिघांतला एक साथीत गेला होता आणि एक साधू होऊन ऱ्हाइनपलीकडे मेला होता. तिसरा मेजाच्या मधोमध बसून मांस चावत होता. सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं.

"काय? मीठ हवंय?" आन्सफ्रिडने विचारलं.

"आठव्या दिवशी काउंटची न्यायसभा आहे," रोटलिंड त्याच्या उजव्या कानाशी वाकून म्हणाली. "तिथे तू उभा राहून सांगणार आहेस की नाही, तेवढं बोल."

आन्सफ्रिडने मीठ स्वतःच्याच पुढे ओढलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वाल्डेबर्ट तबेल्यात आला. कित्येक वर्षांत पहिल्यांदाच तो आपण होऊन बापाच्या उजव्या बाजूला उभा राहिला.

"बाबा, संताच्या अस्थींवर हात ठेवून खोटं बोला, असं मी म्हणणार नाही. इतका मी नीच नाही. फक्त आठवत नाही म्हणा. सात वर्षांचं पोर होतात तुम्ही. कोणाला आठवतं?"

"आणि लोकांनी विश्वास नाही ठेवला तर?"

"तुमच्यावर?" वाल्डेबर्ट हसला. "कान फुटला तरी नदीतून मागे न फिरलेला माणूस तुम्ही. तुमच्या शब्दावर कोण शंका घेणार? मी लहान असताना बाकीची पोरं मला घाबरायची ती तुमच्या त्या कानामुळे."

मुलाच्या तोंडून ते ऐकताना आन्सफ्रिडला शरम वाटली. साक्ष द्यायची म्हणजे नुसता मळा जाणार नव्हता. कशावरून आठवतं, असं काउंट विचारणारच, आणि मग कान दाखवावा लागणार होता. एकदा कान दाखवला की सॅक्सन गेला, नदी गेली, आणि मुलाच्या मनातला बापही गेला. बरं, हे सगळं घालवायचं कोणासाठी? ज्याने आपल्याला जनावरासारखं मारलं, त्या माणसाचा शब्द राखण्यासाठी! म्हाताऱ्याने घोड्याच्या मानेवर हात फिरवला आणि मनाशी ठरवलं, की आठवत नाही म्हणायचं.

दुपारी रोटलिंडने त्याला मळ्यात नेलं. चढ उभा होता. दोघंही दर वीस पावलांवर थांबत, आणि दम लागलाय हे कबूल करायला नको म्हणून द्राक्षांकडे पाहत. वरच्या टोकाला हद्दीचा दगड होता, रोमन लोक मागे ठेवून गेले त्यांतला. त्यावर नाक तुटलेल्या एका माणसाचा चेहरा कोरलेला. रोटलिंडने त्या चेहऱ्याच्या डोक्यावर बूड टेकलं.

"काय काय आठवतं तुला?" तिने विचारलं.

"काही नाही."

"आन्सो, इथे काउंट नाहीये."

मग तो बोलला. इतकी वर्षं कोणाशी न बोललेलं, ते भडाभडा बाहेर आलं. "सगळं आठवतं. थंडी होती. बाबांच्या बोटात लाल खड्याची अंगठी होती. त्यांनी दगडाला हात लावला, 'हा मळा रोटलिंडचा आणि तिच्या पोटच्यांचा' म्हणाले. त्या दोघा पोरांना टपली मारली नि मला मारलं ते हाडवैऱ्याला मारावं तसं. सोडवायलाही कोणी आलं नाही. एकदाच मारलं, पण कायमचं."

"दोनदा," रोटलिंड म्हणाली.

"काय?"

"दोनदा मारलं. पहिली थप्पड हलकी होती, त्या पोरांना दिली तसलीच. तुझे पुढचे दोन दात पडलेले होते. तू हसलास. चांगला खिदळलास. आणि मी बाबांना म्हटलं, हसतोय तो, विसरेल."

आन्सफ्रिडचा हात डाव्या कानाकडे गेला.

"मी सोळा वर्षांची होते. दुसऱ्या दिवशी परक्या घरी निघायचं होतं. ती दोन पोरं शेजाऱ्यांची, त्यांना काय पडलं होतं? पण तू उद्याचा मालक. मळ्यावर डोळा ठेवणारं कोणी असलंच तर ते तू, नाहीतर तुझी पोरं. म्हणून म्हटलं, याच्या लक्षात राहू दे, जोरात मारा. बाबा नको म्हणाले. मी सगळ्यांसमोर रडले. मग त्यांनी मारलं. तू खाली पडलास, म्हणून तुला दिसलं नाही. त्यांचा हात नंतर कितीतरी वेळ कापत होता. दुसऱ्या हाताने धरून ठेवला होता त्यांनी तो."

त्याच हिवाळ्यात बाप तापाने गेला होता. शेवटच्या दिवशी त्याला बोलता येत नव्हतं. त्याने खाटेवरून मुलाकडे हात पुढे केला, आणि तो हात वर येताना पाहून पोरगं भिऊन मागे सरकलं. हात थोडा वेळ हवेत राहिला आणि मग खाली पडला. आन्सफ्रिडने हे कोणाला सांगितलं नव्हतं. बावन्न वर्षांत त्याने बापाच्या थडग्यावर एक मेणबत्ती लावली नव्हती, आणि तेच योग्य आहे असं स्वतःला बजावलं होतं.

"हे आत्ता कशाला सांगितलंस?" तो ओरडला. "आठ दिवस कळ काढवली नाही? साक्ष घ्यायचीस आणि मग सांगायचंस!"

"म्हणजे मी तुला दोनदा लुबाडलं असतं. आधी कान घेतला, मग साक्षही फसवून घेतली असती. सांगायला फार उशीर केला मी. तू त्यांच्यावर रागावलेला असायचास, आणि मला वाटायचं, बरंय, निदान माझ्यावर तरी नाही. आता काय करायचं ते कर."

तो उतार उतरून गेला. पुढचे सहा दिवस त्याने बहिणीला डावीकडेच ठेवलं. ती उजवीकडे आली की तो खुर्ची फिरवायचा. घरातल्यांना वाटलं, म्हाताऱ्याने मुलाची बाजू घेतली. वाल्डेबर्टने त्या आठवड्यात मळ्यासाठी नवी पिंपंसुद्धा सांगून ठेवली.

आठव्या दिवशी टेकडीवरच्या लिंडनच्या झाडाखाली न्यायसभा भरली. सभा भरल्याची खूण म्हणून फांदीला ढाल टांगली, काउंट बाकावर बसला, कायदा जाणणारे सात जण त्याच्या दोन्ही बाजूंना, मध्ये संताच्या अस्थींची पेटी. रोटलिंडने आपलं म्हणणं मांडलं, वाल्डेबर्टने आपलं मांडलं. दोघांनीही आवाज चढवला नाही. मग काउंटने आन्सफ्रिडला पुढे बोलावलं.

"हात ठेवा पेटीवर. दान झालं त्या दिवशी तुम्ही मळ्याच्या बांधावर हजर होता, असं तुमची बहीण म्हणते. तुम्हाला आठवतं?"

आठवत नाही, हे शब्द आन्सफ्रिडच्या जिभेवर तयार होते. सोपे होते. पण पेटीवरचा आपला हात त्याला दिसला. म्हातारा, शिरा सुटलेला, थोडा थोडा कापणारा, अगदी बापाचा असावा तसा. आपण आठवत नाही म्हटलं की त्या माणसाने हात उगारला तो फुकट. तो मरेपर्यंत तुटला, आपण जन्मभर तुटलो, ते सगळं कशालाच नव्हतं असं होईल. हे त्याला सोसवेना.

"आठवतं," तो म्हणाला. "मळा रोटलिंडचा आणि तिच्या पोटच्यांचा. बापाने दगडाला हात लावून सांगितलं, माझ्यासमोर."

वाल्डेबर्टची मान झटक्यात वर झाली.

"कशावरून आठवतं?" काउंटने विचारलं.

"या कानावरून." आन्सफ्रिडने पांढरे केस मागे सारले. "त्या दिवशी आठवणीसाठी बापाने थप्पड मारली ती इथे बसली. तेव्हापासून या कानाने ऐकू येत नाही."

मागून कोणीतरी विचारलं, "मग तो सॅक्सन?"

"सॅक्सन नव्हता."

"एकही?"

"एकही नाही. मी त्या नदीत पाय घातला नाही. मागे सामानाच्या गाड्या राखत होतो. एक खेचर मात्र चावलं होतं."

मग जे हसू फुटलं ते टेकडीखाली चरणाऱ्या डुकरांपर्यंत पोचलं असेल. काउंटनेही तोंडावर हात धरला. आन्सफ्रिड ते सगळं हसू अंगावर घेत उभा राहिला. सातांपैकी सर्वांत म्हातारा जाणकार उठला, त्याने कान उजेडाकडे वळवला आणि बोटाने चाचपला. पाळीच्या वरच्या कडेला अंगठीच्या खड्याची जुनी खाच होती. तो नुसताच मान डोलावून खाली बसला. बहीण काय म्हणाली होती, ते आन्सफ्रिडने पेटीवर हात असताना सांगितलं नाही, आणि कोणी विचारलंही नाही.

मळा रोटलिंडचा ठरला.

परतताना वाल्डेबर्ट घोडा बापाच्या उजवीकडून चालवत होता. टेकडी उतरून झाल्यावर तो म्हणाला, "खेचर कुठे चावलं होतं?"

"मांडीला."

"तेच सांगितलं असतं तरी चाललं असतं, बाबा."

वाटेत चर्च लागलं तेव्हा आन्सफ्रिड उतरला, आत जाऊन बापाच्या थडग्याशी मेणबत्ती लावली आणि गुडघे दुखेपर्यंत तिथे बसून राहिला. वाल्डेबर्ट बाहेर दोन्ही घोडे धरून उभा होता.

दुसऱ्या दिवशी सगळे मळ्यावर जमले. रोटलिंडने दगडाला हात लावून मळा आडाच्या नावाने केला, सहा माणसांनी ऐकलं. आता पोरांची पाळी होती. दोन पोरं शेजारची होती, आणि तिसरं पोरगं वाल्डेबर्ट स्वतः खांद्याला धरून घेऊन आला होता. तोंड आंबट होतं, पण तो आला होता.

"बेरोलाही उभा करा," तो म्हणाला. "उद्या माझ्यासारखं कोणी भांडायला नको."

मारायचं कोणी, याची थोडी चुळबुळ झाली. मग रोटलिंडने भावाकडे पाहिलं. आन्सफ्रिड पुढे झाला. शेजारच्या दोघांना त्याने टपली दिली, कान पिळले. बेरोपुढे मात्र तो खाली बसला.

"आजोबा, पाच सॅक्सन खरंच नव्हते?"

"नव्हते. आता नीट ऐक. हा मळा आडाताईचा. या दगडापासून त्या ओढ्यापर्यंत. कोणी विचारलं तर काय सांगशील?"

"आडाताईचा. दगड ते ओढा."

"मी तुला मारणार आहे, ते हे लक्षात राहावं म्हणून. तुझं काही चुकलं म्हणून नाही. समजलं?"

"समजलं. मारा ना!"

आन्सफ्रिडने मारलं. बोटं जेमतेम गालाला लागली. बेरोने डोळे घट्ट मिटले होते. ते उघडले, एवढंच होय असं त्याच्या तोंडावर आलं, आणि पुढचे दोन दात नसलेल्या तोंडाने तो खिदळला.

"हसतोय की हा," न्यायसभेतला म्हातारा जाणकार कुरकुरला. "अशाने विसरेल. अजून एक द्या, जरा बरी."

आन्सफ्रिडचा हात अजून वरच होता. त्याने मान वळवून बहिणीकडे पाहिलं. रोटलिंड दगडाला टेकून उभी होती, हातात मधाच्या पोळ्यांचं फडकं घट्ट धरून.

"हसू दे त्याला," ती म्हणाली.

आन्सफ्रिडने तो हात सावकाश नातवाच्या केसांकडे नेला. पोरगं मागे सरकलं नाही.